शाळेत आई म्हणायचं न्हाई

चौथीच्या टीचरनी माझ्या पोरीला दंडाला धरून खुर्चीवरून उठवलं. भर हॉलमध्ये. तिनं बूट काढून ठेवले होते, मोजे घडी करून बुटात घातले होते. उघडे पाय जुळवून ती बसली होती, चर्चमधले फादर कधी येतात म्हणून दाराकडं बघत. टीचर वाकल्या, तिच्या कानात काहीतरी बोलल्या. पोरगी उठेना. मंग दंड धरला.

तिच्या हातात टावेलांची चवड दिली अन् म्हणल्या, "तू हे धर. हेसुद्धा मानाचंच काम आहे."

तिच्या खुर्चीवर पालक कमिटीच्या मॅडमची मुलगी येऊन बसली.

मी मागं भिंतीला टेकून उभी होते. हातात पोछा, पायाशी बादली. त्या शाळेत मी मावशी आहे. मावशी म्हणजे झाडणारी, संडास धुणारी, लहान वर्गातल्या लेकरांची शी-शू काढणारी, कोणी ओकलं की पळत जाणारी. त्या दिवशी हॉलमध्ये सांडलेलं पाणी पुसायचं काम माझ्याकडं होतं. माझी श्रावणी मान वळवून माझ्याकडं बघून राह्यली होती. डोळे भरलेले. पण तिनं हाक मारली न्हाई. मारता येत नव्हती. शाळेत मला आई म्हणायचं न्हाई, असा तिला नियम आहे.

तुम्ही म्हणाल, असा कुठं नियम असतो का! असतो. आमच्या जालन्यात आहे. कसा झाला ते सांगते.

माझा नवरा सळईच्या कारखान्यात भट्टीवर आहे. मी आधी चार घरची धुणी-भांडी करायची. गेल्या जूनमध्ये ह्या शाळेत लागले. ख्रिश्चन लोकांची शाळा, इंग्रजी, मोठं आवार, अशोकाची झाडं, गेटवर वॉचमन. श्रावणी तवर नगरपालिकेच्या शाळेत होती. शाळेच्या मोठ्या बाई म्हणजे सिस्टर. त्यांनी विचारलं, तुला लेकरू आहे का? मी म्हणलं, आहे, चौथीला गेली. घेऊन ये म्हणल्या. पाढे विचारले, पोरीनं खाडखाड म्हणून दाखवले. सिस्टरनी तिला घेतली. फी माफ. मी आनंदानं घरी येऊन रडले होते, खोटं कशाला सांगू.

पहिल्याच दिवशी चौथीच्या टीचरनी मला बाजूला घेतलं. "मावशी, एक सांगू? शाळेच्या वेळेत तिला 'आई' म्हणू देऊ नका. बाकीच्या मुलांना ऑड वाटतं. तिच्याच भल्यासाठी सांगते."

मंग पोरीला माझ्यासमोर उभं केलं अन् म्हणायला लावलं. "गुड मॉर्निंग, मावशी." पोरगी खुदकन हसली. तिला खेळ वाटला. मला बी हसू आलं, काय करता! जागा मिळाली होती. जागेपुढं हे काय मोठं, असं वाटलं.

जूनच्या खेळाची दिवाळीपर्यंत सवय झाली.

वर्गाचं दार उघडं असतं अन् माझा झाडू व्हरांड्यात. मला सगळं ऐकू येतं. त्या एका वर्षात लेकरं काय शिकतात, ते मला विचारा. सकाळी डोळे मिटून, हात जोडून प्रार्थना. इंग्रजीत. मंग राष्ट्रगीत. लाइनीत चालायचं, एक बोट ओठावर, एक हात मागं. प्लीज म्हणायचं, सॉरी म्हणायचं. अपूर्णांक. जालना जिल्ह्याचा नकाशा, त्यात मोसंबी कुठं, कापूस कुठं. नाताळात गाणी अन् गव्हाणीतलं बाळ. माझी पोरगी पटापट शिकली. सहा महिन्यांत इंग्रजी बोलायला लागली, घरी बापाला दुरुस्त करायला लागली. बाप म्हणायचा, "ही तर मॅडम झाली माही!" आम्ही हसायचो.

पण दुसरं बी शिकवलं जातं. ते पुस्तकात न्हाई. डबा सांडला तर उठायचं न्हाई, "मावशीला बोलवा" म्हणायचं. मावशीच्या माठातलं पाणी प्यायचं न्हाई. मावशीला नाव नसतं. मी त्या शाळेत वर्षभर आहे, एका लेकरानं मला नाव विचारलं न्हाई. अन् विचारावं असं त्यांना कोणी सांगितलं बी न्हाई. लेकरांचा काय दोष? लेकरं बघतात अन् शिकतात.

जानेवारीत सहल गेल्ती जांब समर्थला. बसमध्ये लहान लेकरांसाठी मी होते. श्रावणी तिच्या वर्गासंगं पुढं बसली होती, मी मागं. वडीगोद्रीला हायवेवर नाष्ट्याला थांबलो, तिनं गरम भजे खाल्ले अन् पुढं गेल्यावर तिला बस लागली. ओकली. मी बादली अन् फडकं घेऊन धावले. तिचं कपाळ धरलं, पाठ चोळली, तोंड पुसलं, फ्रॉकवरचं निपटून काढलं. शेजारच्या पोरी नाक दाबून बसलेल्या. माझ्या पोरीनं मला बघितलं, त्यांना बघितलं, अन् म्हणाली, "थँक्यू, मावशी."

मी फडकं पिळत मागं जाऊन बसले. देवळात सगळे दर्शनाला गेले, मी बसमध्येच राह्यले. बस धुवायची होती.

घरी आल्यावर मात्र आईच म्हणायची ती. उंबऱ्याच्या आत आई, शाळेच्या गेटच्या आत मावशी. मी स्वतःला समजावलं, की लेकरू शहाणं आहे, त्याला बराबर कळतं. डोंबलाचं कळतं! तिला एवढंच कळत होतं, की आई ही लपवायची गोष्ट आहे.

आता ते पाय धुण्याचं सांगते.

त्यांच्या धर्मात गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाय धुतात. येशूनं मरायच्या आदल्या रात्री आपल्या चेल्यांचे पाय स्वतःच्या हातानं धुतले, पुसले. बारा चेले होते. मालकानं चाकराचे पाय धुवायचे, अशी ती रीत. ही गोष्ट टीचरनी वर्गात सांगितली तेव्हा मी दाराबाहेरचं जाळं काढून राह्यले होते. झाडू हातात तसाच धरून ऐकली. मला लई आवडली. आमच्या गावात कोणी असली गोष्ट सांगितली असती तर लोकांनी त्याला येडा म्हणलं असतं.

शाळेत दर वर्षी चौथीच्या बारा लेकरांना खुर्चीवर बसवतात. चर्चमधले फादर येऊन त्यांचे पाय धुतात. पालक येतात, फोटो निघतात. अन् पाय धुवायच्या आधी ते प्रत्येक लेकरू उभं राहून माइकवर सांगतं, ह्या वर्षी मी काय शिकलो. कोण बसणार ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. सिस्टर स्वतः डब्यातून चिठ्ठ्या काढतात. यंदा माझ्या श्रावणीचं नाव निघालं.

अहाहा, काय सांगू तिचा आनंद! घरी येऊन मोरीत बसली अन् वजरीनं टाचा घासायला लागली. "फादरच्या हाताला माती नको लागायला." मी म्हणलं, अगं सालपट निघंल, पुरे. ऐकंना. आठवडाभर हेच चाललं. खोबरेल लावून झोपायची. नखं बापाकडून कापून घेतली. अन् माइकवर बोलायचं वाक्य पाठ करून राह्यली. स्वतः तयार केलं होतं, टीचरनी नुसतं तपासलं. "धिस इयर आय लर्न्ड दॅट नोबडी इज स्मॉल." मला अर्थ सांगितला. कोणीच लहान नसतं, असं. मी पोळ्या लाटता लाटता ते वाक्य पाठ केलं. मला आजून येतं.

त्या दिवशी सकाळी पोरं खुर्च्यांवर बसायचा सराव करत होती. कमिटीच्या मॅडम हॉलमध्ये आल्या. पालकांची एक कमिटी आहे, त्या तिच्यातल्या मोठ्या. गावाकडं जमीन, मोसंबीची बाग, साहेब इथं मोठ्या ऑफिसात. बोलायला गोड. दिवाळीला मला मुलीचे जुने ड्रेस दिले होते. त्यांनी श्रावणीकडं बघून टीचरना विचारलं, "ही कोणाची?"

टीचर म्हणल्या, "आपल्या मावशीची."

मंग मॅडम माझ्याकडं आल्या. "गाव कोणतं गं तुझं?"

"धावडा. भोकरदनकडं."

"अय्या, माझी आत्या दिलीय तिकडं! कोणत्या आळीतली तू?"

हा प्रश्न मला माहीत आहे. गाव विचारतात तेव्हा गावच विचारत असतात. आळी विचारली की जात विचारतात. मी सरळ सांगितलं, "मांगवाड्यातली." लाजायचं काय त्यात.

"असं होय," मॅडम म्हणल्या. हसू तसंच होतं तोंडावर, पण नजर वळून खुर्चीकडं गेली. मंग त्या टीचरना घेऊन खिडकीपाशी गेल्या. मी फरशी पुसत होते, सगळं न्हाई ऐकू आलं. "फोटो सगळ्या ग्रुपवर जातात हो." एवढं ऐकलं. अन् "माझी कधीपासून मागं लागलीय." टीचर मान हलवत होत्या. सिस्टर बाहेर पाहुण्यांसंगं होत्या. चिठ्ठ्या त्यांनी काढल्या होत्या, पण चिठ्ठी बदलताना त्यांना कोणी विचारलं बी न्हाई.

त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच. पोरीला उठवलं.

पोछ्याची दांडी हातात गच्च धरून मी उभी. वाटत होतं, आत्ता जाऊन बोलावं. मंग वाटलं, थांब. फी माफ आहे. पाचवीची जागा आहे. वर्षाचा शेवट आहे, कशाला घोळ. गरिबाच्या डोक्यात राग आणि हिशोब एकाच वेळी चालतात. हिशोबच जिंकतो, तिथंच आमचं वाटोळं होतं.

फादर आले. म्हातारा माणूस, पांढरा झगा, चेहऱ्यावर माया. त्यांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. लेकरं एकेक उभी राहून बोलायला लागली. कोणी शेअरिंग शिकलं, कोणी डिसिप्लिन शिकलं. पालक टाळ्या वाजवत होते. शेवटच्या खुर्चीची पाळी आली. मॅडमची मुलगी उठली. तिची तयारीच नव्हती, तर टीचरनी तिच्या हातात माझ्या पोरीचंच वाक्य दिलं होतं.

"धिस इयर आय लर्न्ड दॅट नोबडी इज स्मॉल."

सगळ्यांत मोठ्या टाळ्या ह्या वाक्याला पडल्या. मॅडमनी डोळ्याला रुमाल लावला. टावेल धरून उभ्या असलेल्या माझ्या पोरीचे ओठ त्या वाक्यासंगं हलत होते. आवाज न्हाई. नुसते ओठ.

मंग पाय धुणं सुरू झालं. स्टीलची परात, जगमध्ये कोमट पाणी. फादरचे गुडघे दुखतात, त्यांना बसून उठता येत न्हाई. ते वाकून पाणी घालायचे, एकदा हात फिरवायचे अन् पुढं सरकायचे. पुसायचं काम टावेलवालीचं. म्हणजे माझी पोरगी खाली बसून एकेकाचे पाय पुसत चालली. तिच्याच वर्गातली पोरं. कोणाला गुदगुल्या झाल्या, कोणी पाय मागं घेतला, कोणी हसलं. फोटोवाला म्हणाला, "बेटा, थोडं खाली वाक, फादर दिसत न्हाईत." ती आजून खाली वाकली.

शेवटच्या खुर्चीपाशी आली. ती तिची खुर्ची होती. खुर्चीखाली तिचे स्वतःचे बूट तसेच होते, मोजे घडी केलेले. वरून फादरच्या जगचं पाणी पडत होतं अन् खाली माझं लेकरू हात पुढं करून बसलेलं. मॅडम पहिल्या लाइनीतून म्हणल्या, "बोटांच्या मधलं नीट पूस गं, ओलं राहतं."

मला माझी माय दिसली. धावड्यात ती मोठ्या घरी शेण काढायला जायची. तहान लागली की अंगणात उकिडवी बसून ओंजळ धरायची अन् ते लोक वरून पाणी ओतायचे, लांबून. माय कधी वर बघायची न्हाई. मी तिच्या पदराला धरून उभी असायची. शाळा शिकली की हे सुटंल, असं माय म्हणायची. म्हणून तर मी पोरीला शाळेत घातलं होतं ना? की आणखी चांगल्या इंग्रजीत तेच शिकायला?

बादली तिथंच ठेवून मी पुढं गेले. पोछा हातातच राह्यला. लाइनींच्या मधून, सगळ्यांच्या देखत.

म्हणलं, "श्रावणी, टावेल खाली ठेव."

ती दचकली. टीचरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. अन् हळूच म्हणाली, "मावशी, टीचर रागावतील."

मावशी!

हॉलमध्ये काही तसं कोणी म्हणायला लावलं नव्हतं तिला. रडकुंडीला आलेलं लेकरू, समोर सख्खी आई, अन् तोंडातून काय निघालं तर मावशी. एवढं पक्कं बसलं होतं. सगळ्या पोरांनी माइकवर सांगितलं काय शिकले ते. माझी पोरगी वर्षभरात काय शिकली, ते मला तेव्हा कळलं. मला कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

"मावशी न्हाई," मी म्हणलं. मोठ्यानं. "आई आहे मी तुझी. ठेव तो टावेल."

तिनं टावेल ठेवला. मी तिच्या खुर्चीखालचे बूट काढले, तिथंच फरशीवर बसून तिच्या पायात मोजे घातले, बूट घातले, नाड्या बांधल्या. मॅडमची मुलगी ओले पाय वर धरून बसली होती, तिला कळंना काय करावं. फादर जग हातात घेऊन उभे. त्यांनी विचारलं, "काय झालं, बाळ?" मी पोरीचा हात धरला अन् पुढच्या दारानं बाहेर निघाले. मावशीनं मागचं दार वापरायचं असतं.

दुपारी सिस्टरनी ऑफिसात बोलावलं. त्यांच्या टेबलामागच्या भिंतीवर त्याच गोष्टीचं चित्र आहे, येशू गुडघ्यावर बसून पाय धुतोय. त्याची काच मी रोज पुसते. सिस्टर वाईट न्हाईत. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मोडक्या मराठीत म्हणल्या, "तुला दुख झाला, मला समजलं. चूक झाली आमची. पण पालकांच्या समोर असा तमाशा? मॅडमला सॉरी बोल. विषय बंद. मुलीची सीट आहे, पाचवीला पण राहील."

मी म्हणलं, "अन् आई म्हणायचं?"

"ते टीचरनी मुलांच्या सोयीसाठी केलंय."

"कोणत्या मुलांच्या?"

सिस्टर टेबलावरचे कागद सारखे करायला लागल्या. हेच मला सहन होत न्हाई. शिव्या देणाऱ्याला उत्तर देता येतं. ह्या चांगल्या माणसांचं काय करायचं? मनात कळतं त्यांना सगळं. कळतं अन् गप्प बसतात, अन् आपल्याला म्हणतात, विषय बंद.

घरी नवरा बी तेच. "सॉरी म्हणायला काय जातं? दोन शब्द. पोरीचं भविष्य बघ ना." मी म्हणलं, भविष्यच बघून राह्यले. तो चिडला, ताट सरकवून उठला. कारखान्यात दिवसभर तो बी "जी साहेब" करतो. त्याला वाटतं, त्याशिवाय जगता येत न्हाई. कोणाकोणाशी भांडू मी?

संध्याकाळी श्रावणी माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पायाचा अंगठा चोळत होती. मंग म्हणाली, "आई, मी टावेल नीट धरला नव्हता का?"

बघा. तिला उठवलं, तिची खुर्ची नेली, तिचं वाक्य नेलं, तिला खाली बसवलं. अन् चूक तिला स्वतःची वाटत होती. हे शिक्षण किती खोल जातं बघा. अपूर्णांक विसरंल ती, हे न्हाई विसरायची.

तिला जवळ घेऊन गोंजारलं न्हाई मी. समोर बसवलं अन् सांगितलं सगळं. धावडा सांगितला, आळीचा प्रश्न सांगितला, मायची ओंजळ सांगितली. खिडकीपाशी काय बोलणं झालं ते सांगितलं. लहान आहे म्हणून काही झाकलं न्हाई. तिला मांगवाड्यातली म्हणून उठवायला ती लहान नव्हती, तर ऐकायला कशी लहान?

ती ऐकत राह्यली. शेवटी एकच विचारलं, "मंग आता शाळेत काय म्हणू?"

तर आता माझं ठरलंय. मी सॉरी म्हणणार न्हाई. नोकरी सोडणार न्हाई. पोरीला काढून नेणार बी न्हाई, बिलकुल न्हाई. काढायचं तर त्यांनी काढावं, अन् दाखल्यावर कारण लिहावं, की ही मुलगी आपल्या आईला आई म्हणते. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या निघतील तेव्हा मी हॉलमध्येच असणार, अन् कोणत्याही लेकराला खुर्चीवरून उठवलं तर पुन्हा लाइनींच्या मधून जाणार.

ईस्टरची सुट्टी आज संपते, उद्या शाळा. सकाळी मी गेटपाशी झाडत असते, तिथूनच सगळी लेकरं लाइनीत आत जातात. पोरीला सांगून ठेवलंय. लाइनीतूनच, सगळ्यांच्या देखत, टीचर उभ्या असताना, मोठ्यानं. आई. तिला भीती वाटंल, मला माहीत आहे. ती थांबली तर मी बी झाडू थांबवून उभी राहीन, घंटा झाली तरी उभी राहीन.

पण तिनं मावशी म्हणून हाक मारली, तर मी वळून बघणार न्हाई. तसं सांगितलंय तिला.